धर्माची गाय

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्याला फुकट मिळालेल्या वस्तूचा एकच धोका ठाऊक होता. गाय म्हातारी निघेल, दूध देणार नाही, एवढाच. पण समजा, गाय चांगली निघाली. शेरभर दूध देऊ लागली. घरातली पोरेबाळे तिच्या दुधावर वाढली. आणि आठ वर्षांनी जुना गोठा पडला म्हणून तिला नव्या गोठ्यात बांधले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ही गाय तुमची कशावरून?’ असा प्रश्न दाराशी येऊन उभा राहिला. अशा वेळी काय करावे, हे ती म्हण सांगत नाही. पूर्वी तशी वेळच येत नसे. गाय एकदा दारी बांधली की ती दारचीच होई.

मी ज्या गाईबद्दल बोलतो आहे तिचे नाव ‘विंडोज १०’. २९ जुलै २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली बाजारात आणली आणि ज्यांच्या संगणकावर अस्सल ‘विंडोज ७’ किंवा ‘८.१’ आहे, त्यांना ती वर्षभर फुकट देऊ केली. घड्याळाशेजारी एक पांढरी खिडकी येऊन बसे आणि ‘घ्या, घ्या’ म्हणून आग्रह करी. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्या यजमानासारखी. पानावर आडवा हात धरावा, तरी बोटांच्या फटीतून एक वेढा पडायचाच. पुष्कळ लोक त्या आग्रहाला वैतागले. आमचे अकोल्याचे साडू मात्र प्रसन्न झाले, कारण अकोल्यातल्या त्यांच्या मित्रमंडळात ते आमंत्रण घेण्यास पात्र असे ते एकटेच होते.

साडूंची ही पात्रता सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. जठारपेठेत स्वतःचे घर, पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर संगणक. तो त्यांनी सुटे भाग आणून जुळवून घेतला होता. त्या काळी, म्हणजे २०१० च्या सुमाराला, संगणक जुळवून देणारा पोरगा ‘विंडोज’ आपल्याच खिशातून घालून देत असे. पानावर चुना लावून देतात तसा. त्याचे वेगळे पैसे पडत नसत, आणि तो चुना कोणाच्या डब्यातला हे कोणी विचारत नसे. साडूंनी विचारले. पोरगा म्हणाला, “भाऊ, सगळेच असंच घालते.” साडू म्हणाले, “सगळ्यांचं मी कायले सांगू? माझ्या टेबलावर चोरीचं नको.” आणि दिवाळीला मिळालेली सणाची उचल घेऊन ते नागपूरला गेले व ‘विंडोज ७’ चा बंद खोका रीतसर पावतीसकट विकत घेऊन आले. ताई, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, त्या दिवाळीत नव्या लुगड्यावाचून राहिली. तिने ते पुढे कधी बोलून दाखवले नाही असे मात्र नाही. दर दिवाळीला बोलून दाखवले.

त्या खोक्यात एक तबकडी आणि एका चिठ्ठीवर पंचवीस अक्षरांची किल्ली होती. पाच-पाच अक्षरांचे पाच गट. साडूंनी ती तोंडपाठ केली होती. गंमत अशी, की या किल्ल्यांत इंग्रजीतले पाची स्वर कधीच नसतात. ए नाही, ई नाही, ओ नाही, नुसती व्यंजने आणि आकडे. त्यामुळे साडू ती म्हणू लागले की अडखळलेल्या मंत्रासारखी वाटे. खोका, चिठ्ठी आणि पावती ही तिन्ही कपाटात ताईच्या दागिन्यांच्या डब्याखाली गेली. दागिने थोडे असल्यामुळे जागा भरपूर होती.

तर असा हा अस्सलपणाचा अभिमानी मनुष्य. २०१६ च्या जुलैत त्यांनी आम्हा सगळ्या नातेवाइकांना फोनवर फोन केले. “२९ तारखेच्या आत घ्या. मग विकत घ्या म्हणतील.” माझ्या संगणकावरचे ‘७’ शाळेतून निवृत्त होताना मुलाने घेऊन दिलेल्या यंत्राबरोबर आलेले, म्हणजे तेही अस्सल. पण मी निवांत. शेवटी ते स्वतः रेल्वेने बडनेऱ्याला उतरले आणि राजापेठेत आमच्या घरी येऊन, दोन दिवस राहून, ते काम करून गेले. तीन गिगाबाइटांच्या आसपासचा मामला, आणि आमच्या घरची इंटरनेटची धार नळाच्या उन्हाळ्यातल्या धारेसारखी. रात्रभर टक्के मोजत ते बसून होते. सकाळी पडदा निळा झाला आणि त्यांनी चहा मागितला.

त्या दोन दिवसांत त्यांनी मला जे समजावले ते मी आजवर कोणा तज्ज्ञाकडून इतके स्वच्छ ऐकलेले नाही. मी विचारले होते, “भाऊजी, आता माझी नवी किल्ली कोणती?” त्यांनी संगणकाच्या पोटातून ती काढून दाखवली आणि स्वतःच्या वहीतली आपल्या संगणकाची दाखवली. दोन्ही एकच! मी चकित झालो. ते हसले. फुकट वर चढलेल्या प्रत्येक यंत्राला त्या त्या आवृत्तीची एकच सामाईक किल्ली मिळते. तिने काहीही उघडत नाही. ती दाखवायची किल्ली.

“मग कुलूप उघडते कशानं?”

“तलाठ्याच्या दप्तरानं,” ते म्हणाले.

हेडक्लार्कच तो. त्याला साऱ्या जगाची रचना दप्तराच्या रूपात दिसायची. ते म्हणाले, “पाहा, आपल्याकडे शेत विकत घेतलं म्हणजे खरेदीखत होते. ते आपण पेटीत ठेवतो. पण पेटीतल्या कागदानं शेत चालत नाही. सातबाऱ्यावर नाव चढलं पाहिजे. गाव नमुना सातवर मालक कोण, बारावर पीक काय. नाव चढलं तं तुम्ही शेतकरी, नाही तं तुम्ही नुसते बांधावर उभे. हे तसंच. आपण ‘दहा’ घेतलं तेव्हा या यंत्राचा एक ठसा काढून तिकडे त्यांच्या दप्तरात लिहिला गेला. कोणता बोर्ड, कोणते भाग, सगळ्यांचा मिळून एक आकडा. पुढच्या वेळी यंत्र विचारते, ‘मी आहे ना दप्तरी?’ तिकडून उत्तर येते, ‘आहेस.’ झालं काम. किल्ली लागतच नाही.”

“आणि यंत्र बदललं तर?”

“रॅम बदला, तबकडी बदला, चालते. मदरबोर्ड बदलला का मात्र गट नंबर बदलला समजा. मग ते दप्तर तुम्हाला ओळखत नाही.”

मला ते काही रुचले नाही. फुकट का होईना, दिलेली वस्तू ती दिलेली. मी तसे बोललोही. यावर त्यांनी जे उत्तर दिले ते फक्त वऱ्हाडातलाच माणूस देऊ शकतो. ते म्हणाले, “दिलेली कुठं? वापरायला दिली. आपल्याले हे शिकवायला पाहिजे का? आपला वऱ्हाड सबंध पन्नास वर्षं तारणात अन् पुढं पंचेचाळीस वर्षं भाड्यानं होता.”

खरेच आहे. १८५३ च्या तहाने निजामाने आपल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. अमरावतीला कलेक्टर इंग्रजांचा, अकोल्याला सारा इंग्रजांचा, कापसावर नजर इंग्रजांची, आणि मालक म्हणून नाव निजामाचे. इतके, की १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. या राजपुत्राची वऱ्हाडात सत्ता काय चालत होती, तर काही नाही. पण दप्तरी नाव होते. कबजा एकाचा आणि मालकी दुसऱ्याची ही गोष्ट आमच्या आजोबा-पणजोबांनी अंगावर घेतली आहे. साडूंच्या मते संगणक वापरणारा प्रत्येक मनुष्य हा या बाबतीत वऱ्हाडकर आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा पुन्हा फोन आला. विंडोजची एक मोठी सुधारणा आली होती. तीत आजवर जिला डिजिटल हक्क म्हणत, तिचे नाव बदलून डिजिटल परवाना केले होते. “पाहा,” ते म्हणाले, “हक्काचा परवाना झाला. आमच्या कचेरीत एवढा बदल करायचा असता तं दोन सचिवांच्या सह्या लागल्या असत्या.” पण त्यांना खरा आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला होता. आता तो परवाना आपल्या नावाच्या खात्याला जोडता येत होता. म्हणजे बोर्ड जळला, तरी माणूस येऊन सांगू शकेल, की हे यंत्र माझे आहे, मी याचा भाग बदलला आहे, मला ओळखा. त्यांनी लगेच आपले जोडून घेतले आणि मलाही फोनवरून एकेक पायरी सांगून जोडायला लावले. जोडताना संगणकाला नाव द्या म्हणाले. नाही तर यादीत नुसते आकडे-अक्षरे येतात, कोणते यंत्र कोणते ते कळत नाही. त्यांनी आपल्याचे नाव ‘मोर्णा’ ठेवले. अकोल्याच्या नदीचे. मी माझ्याचे काय ठेवले ते सांगत नाही. पत्नी हा अंक वाचते.

२०२१ च्या फेब्रुवारीत साथीची दुसरी लाट महाराष्ट्रात इतरत्र पोहोचण्याआधी आमच्या अमरावती-अकोल्यावर येऊन आदळली. २२ तारखेपासून अमरावतीला टाळेबंदी लागली. त्याच आठवड्यात साडू गेले. दोन गावांत पुरते शंभर किलोमीटरही अंतर नाही, आणि आम्ही दोघे नवराबायको इकडे राजापेठेत फोन धरून बसलो होतो. त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांना माहीत आहे.

ताईने वर्षभराने पुढची खोली उघडली. मुलगा पुण्याला, मुलगी इंदुरास. दोघेही ‘आमच्याकडे ये’ म्हणत होती. ती गेली नाही. तिने जन्मात संगणकाला हात लावला नव्हता, पण लग्नापूर्वी तिने मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली होती आणि बोटे ते विसरली नव्हती. हळूहळू ती अर्ज टाइप करून देऊ लागली. लग्नाचे बायोडाटे, भाडेपट्ट्यांचे मसुदे, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, शाळकरी पोरांचे प्रकल्प. पानाला दहा रुपये, छापून पंधरा. पेन्शन होतीच, पैशाची नड नव्हती. पण माणसे घरात येत होती. तिच्या टेबलावरची ‘मोर्णा’ ही तिची गिरणी झाली होती.

आणि २०२४ च्या मृगात, पहिल्याच पावसात, अकोल्यावर वीज कडाडली. ताईने बटन बंद केले होते, पण प्लग भिंतीत तसाच होता. संगणक गेला.

दुकानातल्या पोराने खोलून पाहिले आणि सांगितले, “ताई, डिस्क वाचली तुमची. बोर्ड जयला.” त्याने त्याच जातीचा एक वापरलेला बोर्ड कुठूनसा मिळवला, बसवला, आणि यंत्र चालू झाले. सगळे जिथल्या तिथे. अर्जांचे नमुने, बायोडाटे, पडद्यावर साडूंनी काढलेला नरनाळा किल्ल्याचा फोटो, सगळे. फक्त उजव्या कोपऱ्यात खाली, पाण्यात भिजल्यासारखी फिकट अक्षरे आली होती. ‘ॲक्टिव्हेट विंडोज’.

आता जाणकार वाचक म्हणतील, त्यात काय बिघडले? खरेच फार बिघडत नाही. यंत्र चालते. छापलेल्या कागदावर ती अक्षरे उमटत नाहीत. पडद्याचा रंग, चित्र बदलता येत नाही, एवढेच. कित्येक लोक वर्षानुवर्षे त्या अक्षरांसकट संसार करतात. पण ताईकडे येणारे गिऱ्हाईक टेबलापलीकडून पडद्याकडे बघत बसलेले असते. पहिल्याच दिवशी एका गृहस्थाने बायोडाटा तपासता तपासता म्हटले, “ताई, तुमचा कॉम्प्युटर काही तरी मागून राह्यला.” दुसऱ्या एका कॉलेजातल्या मुलाने अधिक स्पष्ट सांगितले, “डुप्लिकेट विंडोज आहे वाटते. चालते हो, सगळ्यांकडे असते.”

ताईने त्या रात्री मला फोन केला. “जावईबुवा, आमच्या घरात डुप्लिकेट आहे म्हणे.”

तिचा आवाज मी ओळखतो. ती रडत नव्हती. ती चिडली होती.

दुकानातल्या पोराने तिला सोपा उपाय सांगितला होता. दोनशे रुपये द्या, एक प्रोग्रॅम टाकतो, अक्षरे जातात, कायमची. फक्त तेवढ्या वेळापुरते विषाणूंवरचा पहारा बंद करावा लागतो. चोराला आत घेताना कुत्रे बांधून ठेवायचे, तसलाच हा प्रकार. अशा प्रोग्रॅमांबरोबर काय काय आत शिरते हे ठाऊक नसलेला तो पोरगा नव्हता, आणि तो वाईटही नव्हता. त्याच्या दृष्टीने तो एका बाईचे काही हजार रुपये वाचवीत होता. ताईने त्याला विचारले, “यायनं चौदा वर्षं पावती सांभायली, अन् आता मी चोरीचं घालू?” तो म्हणाला, “मग नवीन घ्या.” ते तर तिला त्याहून अपमानाचे वाटले. आपलेच पुन्हा विकत घ्यायचे!

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघालो. हा रस्ता आता मोठा देखणा झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक पट्टी सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून काढली आणि गिनीजच्या पुस्तकात वऱ्हाडचे नाव गेले. पूर्वी या रस्त्याने अकोल्याला जाऊन आलेला मनुष्य कंबर शेकत बसे. मूर्तिजापूर आले. इथून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आमची शकुंतला, ती अरुंद रुळांची गाडी, गेली काही वर्षे धावत नाही. लहानपणी मी तिच्यात बसलो आहे. तेव्हा हे ठाऊक नव्हते, की गाडी हाकणारे आपले, तिकीट फाडणारे आपले, पण खालचे रूळ किलिक निक्सन यांनी उभारलेल्या खाजगी कंपनीचे, आणि स्वराज्य आल्यावरही त्यांचा करार चालूच. खिडकीतून मूर्तिजापूर मागे जाताना साडूंची आठवण झाली. हे त्यांना सुचले असते तर त्यांनी निजामाच्या आधी हेच उदाहरण दिले असते.

घरी पोहोचलो तो टेबल स्वच्छ पुसलेले, आणि त्यावर खोका, चिठ्ठी व पावती मांडून ठेवलेली. कोर्टात पुरावा मांडावा तशी. ताईने चहाही आधी विचारला नाही.

मी पंचवीस अक्षरे घातली. नकार आला. चिठ्ठीवरची शाई पुसट झाली आहे म्हणून असेल, असे समजून ताईने ती पाठ म्हणून दाखवली. चौदा वर्षांत तिलाही पाठ झाली होती, हे मला नवीन होते. पुन्हा नकार. याचे कारण मला नंतर वाचनात आले. ‘७’ आणि ‘८’ च्या जुन्या किल्ल्यांनी ‘१०’ उघडण्याची वाट फुकटची मुदत संपल्यावरही कित्येक वर्षे उघडी राहिली होती. ती वाट आता काढून टाकली आहे, असे मायक्रोसॉफ्टने २० सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर केले होते. आम्ही नऊ महिने उशिरा त्या दारी उभे होतो. ताई खोक्याकडे बघत होती. “म्हणजे हे सगळं रद्दी?” तिने विचारले.

“हे खरेदीखत आहे,” मी म्हणालो. “सातबारा पाहू.”

सेटिंगमध्ये, सक्रिय करण्याच्या पानावर, अडचण सोडवण्याची एक कळ असते. ती दाबली की थोडा वेळ गोल फिरते, आणि मग खाली बारीक अक्षरांत एक ओळ येते. मी अलीकडे या यंत्राचा भाग बदलला आहे, अशा अर्थाची. अवघ्या प्रकरणात माणसाला स्वतःच्या तोंडाने काही सांगायला मिळते ती जागा ही एवढीच. ती दाबली. यंत्राने विचारले, तुम्ही कोण?

कोण म्हणून सांगायचे? परवाना साडूंच्या खात्याला जोडलेला. ताईने त्यांची २०१६ ची डायरी आणली. २९ जुलैच्या पानावर, रेघेखाली, हेडक्लार्की सुवाच्य अक्षरात खाते आणि त्याचा परवलीचा शब्द लिहिलेला होता. तो शब्द काय होता ते मी लिहीत नाही. त्यात ताईचे माहेरचे नाव होते. ताईने ते वाचले आणि चष्मा पुसला.

मी ती अक्षरे घातली. यंत्राने ती मान्य केली आणि म्हणाले, खात्रीसाठी तुमच्या फोनवर एक संकेत पाठवतो. फोनचे शेवटचे दोनच आकडे दाखवले. साडूंचा नंबर.

मी मागे टेकून बसलो. संपले, असे मला वाटले. तीन वर्षे उलटली होती. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला देतात. आमचा संकेत कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात जाऊन वाजणार, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी ताईला कसे सांगावे याचा विचार करीत होतो, तोवर ती उठून देवघरात गेली होती.

समईच्या मागच्या कोनाड्यातून तिने बटनांचा जुना फोन आणला. “बॅटरी उतरली असेल,” म्हणाली. “एकादशीला लावते चार्जिंगला.”

ती दर महिन्याला त्या नंबरात पैसे भरत होती. मुलांनी कितीदा सांगितले, आई, कायले उगाच? तिने उत्तर दिले नव्हते. मलाही त्या दिवशी दिले नाही, आणि मी विचारलेही नाही. तिने वायर लावली. आम्ही पंधरा मिनिटे वाट पाहिली. तेवढ्यात तिला चहा आठवला. फोनने डोळे उघडले, तारा शोधल्या, आणि मी पुन्हा कळ दाबल्यावर दोन मिनिटांत त्याच्या अंगात थरथर आली.

ताईने फोन हातात धरला. मला दिला नाही. एकेक आकडा तिने मोठ्याने वाचला आणि मी एकेक आकडा घातला.

पडद्यावर दोन ओळींची यादी उघडली. या नावावर असलेली यंत्रे. एक मुलाच्या जुन्या लॅपटॉपचे, कसलीशी अक्षरे-आकडे असलेले. आणि खाली, इंग्रजीत, ‘मोर्णा’. मी सध्या हेच यंत्र वापरतो आहे, या ओळीपुढच्या चौकोनात ताईने स्वतः खूण केली. माउस धरलेला तिचा हात किंचित हलत होता, त्यामुळे पहिली खूण चौकोनाबाहेर पडली. दुसरी बसली. गोल फिरले. कोपऱ्यातली अक्षरे कधी गेली ते आम्हाला दिसलेही नाही. पाहतो तो नरनाळ्याचा कोपरा स्वच्छ झाला होता.

मग मी आणखी एक काम केले. साडू असते तर त्यांनीही तेच केले असते. ताईच्या नावाने एक खाते उघडले, तिच्याच फोनवर, आणि ते त्या यंत्राला जोडून घेतले. तलाठी गाव नमुना सहात वारसाची नोंद घेतो तसे. पडद्यावर आता लिहून आले, की परवाना आपल्या खात्याशी जोडलेला आहे. ताईने ‘आपल्या’ या शब्दावर बोट ठेवून विचारले, “हे मी ना?” मी म्हटले, “तुम्हीच.” तिने डायरीत त्याच पानावर, साडूंच्या अक्षराखाली, आपले खाते लिहिले. परवलीचा शब्द लिहिताना मात्र वही हाताने झाकली.

दुकानातल्या पोराला हे कळले तेव्हा तो खास पाहायला आला. “असंही होते काय, बाप्पा,” म्हणाला, आणि कोणत्या कळा दाबल्या ते त्याने कागदावर उतरवून घेतले. त्यानंतर आपल्या दोन-तीन गिऱ्हाइकांचे त्याने याच रीतीने करून दिले. दोनशे रुपये घेतलेच, पण चोरीवाचून.

पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्या दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ ची देखभाल थांबवली. परवाना जात नाही, यंत्र चालतेच. पण नव्या चोरांसाठी नवी कुलुपे मिळणे बंद. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना सुरक्षेची डागडुजी आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याचे ठरले. ताईने खाते उघडून ठेवले होते, म्हणून तिची नोंद फोनवर दहा मिनिटांत झाली. ‘विंडोज ११’ तिच्या यंत्राला चढत नाही. त्याला सुरक्षेची जी चिप लागते ती या जुन्या बोर्डावर नाही. दुसरा संगणक कधी तरी घ्यावा लागेल, हे तिला मी त्याच वेळी सांगितले. तिने हिशेब केला. पानाला दहा रुपये, छापून पंधरा. वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणाली. मुलांना सांगू नका म्हणाली.

मग थोडे थांबून तिने विचारले, “नवीन घेतला तं त्याचं नाव मोर्णा ठेवता येते का? का तेही त्यायच्या दप्तरातून मागा लागते?”

“नाव आपलं असते, ताई. सेटिंगमध्ये जायचं, सिस्टीम म्हणून आहे, त्यात खाली...”

“थांबा,” ती म्हणाली, “डायरी घेते.”